कामाचा खाडा चालत नाही, गोळीचा मात्र सहज चालतो

ऊसतोडीचा हंगाम पाच महिन्यांचा, पिशवीतल्या गोळ्या एका महिन्याच्या. मधल्या चार महिन्यांचं काय?

२०२५-२६ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून सुरू होणार, असं सरकारने जाहीर केलं होतं. म्हणजे दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतून ट्रॅक्टर निघायला लागणार होते. त्यात सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने सोयाबीन-कापूस हातचा गेला. एरवी न जाणारी काही घरंही त्या वर्षी कोयता उचलायच्या विचारात होती, असं गावोगावी ऐकायला मिळत होतं.

निघताना ट्रॉलीत काय काय चढतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाजरी-ज्वारीचं पीठ, मिरची-मीठ, पत्र्याची पेटी, कोपीवर टाकायचा कागद, लेकरं, असली तर शेळी. याच सामानात कुठंतरी मेडिकलची एक पिशवी असते. तिच्यात बीपीच्या, शुगरच्या, टीबीच्या नाहीतर फिटच्या गोळ्या असतात. मुकादमाच्या हिशेबात या पिशवीला जागा नाही. घरच्यांच्या यादीतही ती शेवटी येते. आणि तळावर पोचल्यावर सगळ्यात आधी संपते तीच.

एका कोयत्याचा हिशेब

समजा, एक जोडपं २८ ऑक्टोबरला निघालं. बाईला बीपी आहे, गड्याला शुगर आहे. निघायच्या आधी दोघं प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथं गोळ्या सहसा महिनाभराच्या मिळतात, साठा कमी असला की दहा-पंधरा दिवसांच्याच. पूर्ण महिन्याच्या मिळाल्या असं धरलं, तरी नोव्हेंबरच्या शेवटी पाकिटं रिकामी होतात. कारखान्याचा पट्टा पडतो मार्चमध्ये, कधी एप्रिलही उजाडतो. म्हणजे हंगामातले चार महिने गोळीविना गेले.

तिथून पुढं काय होतं? सरकारी दवाखाना फडापासून सात-आठ किलोमीटर. ओपीडी सकाळी, आणि सकाळ तर फडात जाते. पहाटे मोळ्या बांधायला सुरुवात, गाडी कधी येईल याचा नेम नाही. दवाखान्याला जायचं म्हणजे अख्ख्या दिवसाचा खाडा. खाडा झाला की मजुरी बुडते, वर मुकादम दंड कापतो. कोयता जोडीचा असल्यामुळे एकाने सुट्टी घेतली की दुसऱ्याचंही काम अडतं. शंभर-दोनशे रुपयांच्या गोळीसाठी पाच-सातशे रुपयांचा दिवस कोण घालवणार? मग "गावी गेल्यावर बघू" असं ठरतं.

गोळी चुकवणारा माणूस बेफिकीर किंवा अडाणी असतो, असं दवाखान्यात बसून वाटू शकतं. फडातलं गणित वेगळं आहे. खाड्याची किंमत त्याच दिवशी कापली जाते आणि डोळ्यांना दिसते. गोळीच्या खाड्याची किंमत वर्षा-दोन वर्षांनी वसूल होते, आणि ती पैशात मोजता येत नाही.

"बरं वाटतंय" ही सगळ्यात मोठी फसगत

तापाची गोळी घेतली की ताप उतरतो. गुण आला की गोळी बंद, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला आहे. बीपीला तो लागू होत नाही. बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, कामही ओढता येतं. गोळी चालू असताना बीपी ताब्यात असतं ते गोळीमुळे. गोळी थांबली की काही दिवसांत ते पुन्हा वर जातं, फक्त त्याचा आवाज होत नाही. आवाज होतो तो लकवा मारतो तेव्हा, नाहीतर छातीत कळ येते तेव्हा.

हा आजार आता शहरवाल्यांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरातल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ग्रामीण भागातल्या वीस वर्षांवरच्या माणसांपैकी ३३ टक्के लोकांना वाढलेलं बीपी आणि जवळपास ९ टक्के लोकांना शुगर असल्याचं आढळलं. टोळीतली माणसं वयाने तरुण असली तरी गावात मागे राहणारे त्यांचे आई-बाप याच आकड्यात येतात.

बीपीच्याही सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या तर नाडी आणि बीपी उसळी मारू शकतं. हृदयाचा आजार असलेल्याला तर ते जिवावर बेतू शकतं. छातीत स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नये. फिटच्या गोळीचंही तेच. दोन वर्षं फिट आली नाही म्हणून ती बंद करायची आणि हातात कोयता घेऊन फडात उतरायचं, यात माणसाचा स्वतःचाही जीव जातो आणि शेजारच्यालाही इजा होते.

उपाशीपोटी शुगरची गोळी

शुगरवाल्यांची अडचण दुहेरी आहे. गोळी चुकली तर शुगर वाढते. गोळी घेतली आणि पोटात काही नसलं तर शुगर एकदम खाली येते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या बाबतीत हे जास्त घडतं. गावाकडे सकाळी नऊला भाकरी खाऊन गोळी घेणारा माणूस फडात पहाटे चारला उठतो, कोऱ्या चहावर कामाला लागतो आणि पहिली भाकरी अकराला खातो. अंगमेहनत दुप्पट आणि जेवणाची वेळ बदललेली. गोळी मात्र जुन्याच वेळेला घेतली जाते.

मग हातपाय कापतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. टोळीतल्या बाकीच्यांना वाटतं, याने सकाळीच घेतली. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखर नाहीतर गूळ खायला द्यायचा, आणि बरं वाटल्यावर भाकरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, एका कुशीवर निजवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. शुगरची गोळी घेणाऱ्याच्या खिशात गुळाचा खडा कायम असावा, आणि ते का असतं हे जोडीदाराला माहीत असावं.

म्हणून निघायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं: "साहेब, मी तोडीला चाललोय. पहाटे उपाशी कामाला लागतो, पहिलं जेवण अकराला असतं." एवढं एक वाक्य ऐकलं की डॉक्टर गोळीची वेळ किंवा गोळीच बदलून देऊ शकतात. न सांगता त्यांना कळणार कसं?

इन्सुलिनवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कोपीत फ्रिज नसतो. वापरात असलेली बाटली उन्हापासून आणि चुलीपासून लांब, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. बाकीच्या बाटल्या जवळच्या मेडिकलच्या किंवा ओळखीच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

टीबीची सहा महिन्यांची वाट

टीबीच्या साध्या प्रकाराचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं, रोज. बऱ्याच जणांना महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, भूक लागते. तिथंच गोळ्या सुटतात. शरीरात उरलेले जंतू मेलेले नसतात. ते त्या गोळ्यांना सरावतात, आणि दुसऱ्या वेळेला तीच गोळी लागू पडत नाही. मग उपचार लांबतात, औषधं जड होतात. दहा बाय दहाच्या कोपीत पाच माणसं झोपतात, हेही ध्यानात घ्यायला हवं.

काही जण गोळी सोडतात ते घाबरून. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी लालसर-केशरी होते. माणसाला वाटतं, रक्त जातंय, गोळी बाधली. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. गोळी देताना कुणी हे दोन शब्दांत सांगितलं तर भीती राहत नाही. मात्र डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

टीबीच्या रुग्णाला एक मोठी सोय आहे. त्याची नोंद 'निक्षय' या देशभरच्या प्रणालीत असते. तो क्रमांक दाखवला की सातारा, सांगली, कोल्हापूरच काय, कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यातही उपचार पुढं चालू ठेवता येतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून पोषण आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर जमा करायची तरतूदही आहे. निघायच्या आधी आपल्या आरोग्य केंद्रात "बदली करून द्या" एवढं म्हणायचं.

पण सगळा दोष रुग्णाच्या माथी मारूनही चालणार नाही. २०२४ च्या सुरुवातीला देशभरात टीबीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला होता. मार्चमध्ये केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधं स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं. त्या काळात ज्याचा कोर्स तुटला, त्याला बेफिकीर कसं म्हणणार?

चिठ्ठीविना चालणारी गोळी

फडात बीपीची गोळी बंद असते, पण एक गोळी रोज चालू असते. ती अंगदुखीची. कंबर, गुडघे, खांदे भरून आले की किराणा दुकानातूनसुद्धा गोळी मिळते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या दोन-चार दिवस, डॉक्टरांनी सांगितल्यावर घेणं वेगळं. महिनोन् महिने रोज घेणं हे किडनीशी वैर आहे. या गोळ्यांनी बीपी वाढतं, पोटात व्रण होतात. दिवसभर उन्हात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं, आणि टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असताना वरून अंगदुखीची गोळी घ्यायची, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की किडनीवरचा धोका आणखी वाढतो.

पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ आहे. ती रेघ पाहायला शिक्षण लागत नाही. शेजारच्या कोपीतल्या बाईला लागू पडली म्हणून तिच्या गोळ्या आपण घेऊ नयेत. बाईला दिवस गेले असतील तर बीपीच्या आणि फिटच्या काही गोळ्या बाळाला घातक असतात, त्या बदलून घ्याव्या लागतात. मात्र बदलायच्या त्या डॉक्टरांनी, आपण होऊन बंद करायच्या नाहीत.

आणखी एक घोळ नावांचा. सरकारी दवाखान्यातली ॲम्लोडिपिन आणि मेडिकलमधली दुसऱ्या नावाची गोळी, आत औषध एकच. रंग वेगळा, पाकीट वेगळं, म्हणून दोन्ही घेतल्या जातात. मात्रा दुप्पट होते आणि उठताना गरगरतं. पाकिटावर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नावही छापलेलं असतं, ते पाहायचं. सुट्ट्या गोळ्या कापून देताना मेडिकलवाल्याला सांगायचं की नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग राहू द्या.

मागे राहिलेली म्हातारी माणसं

जोडपं निघून गेलं की वाडीवर उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आजीची गोळी आणायला आतापर्यंत सून जात होती. आता दवाखाना लांब, एसटीची वेळ जुळत नाही, गुडघे चालत नाहीत. आणलेल्या गोळीवरचं बारीक अक्षर दिसत नाही. रात्रीची गोळी सकाळी आणि सकाळची दोनदा घेतली जाते.

यावर उपाय फार अवघड नाही. सकाळच्या पाकिटावर पेनाने सूर्य काढायचा, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या खुंटीला टांगायच्या, लेकरांचा हात पोचणार नाही अशा. गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या दिवसाला टिक मारायची. नातवंडाला रोज रात्री एवढंच काम द्यायचं. एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाची एकच घ्यावी, कालची भरपाई म्हणून दोन घेऊ नयेत. शुगरची गोळी मात्र जेवणाशी बांधलेली असते, ती चुकली तर पुढच्या जेवणाच्या वेळेलाच.

लॉकडाऊनमध्ये जमलं, हंगामात का नाही?

आता मुद्द्याची गोष्ट. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सूचना दिली होती. बीपी, शुगर अशा जुन्या आजारांच्या नोंद असलेल्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम द्याव्यात, आणि त्या उपकेंद्र, आशाताई यांच्यामार्फत पोचवाव्यात. कारण सरळ होतं. माणूस दवाखान्यापर्यंत येऊ शकत नव्हता.

ऊसतोड मजुरासाठी तर दरवर्षी पाच महिने हीच स्थिती असते. फरक इतकाच की तेव्हा बंदी सरकारची होती, आता उचलीची आहे. मग नोंद असलेल्या रुग्णाला निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी नवी योजना, नवं महामंडळ लागत नाही. ऑक्टोबरच्या आधी तालुक्याच्या औषध मागणीत या तालुक्यांचा वाढीव साठा धरावा लागेल, एवढंच. आपल्या गावातून कोण तोडीला जाणार आणि त्यातल्या कुणाला कोणती गोळी चालू आहे, हे आशाताईला तोंडपाठ असतं.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणीचा मुद्दा पुढं आला. तपासणी हवीच. पण तपासणीत बीपी सापडलं आणि हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या ठेवल्या, तर त्या तपासणीतून कागदावरच्या आकड्याशिवाय काय निघालं?

दुसरी बाजू कारखान्याच्या जिल्ह्यांची. सातारा हा बीपी नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात राज्यातून सुरुवातीलाच निवडलेल्या जिल्ह्यांपैकी एक. सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे बाकीचे. या उपक्रमाची रीत साधी होती. सगळीकडे ठरलेल्या त्याच गोळ्या, गोळी घराजवळच्या केंद्रात, आणि तारखेला न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. हीच रीत तळापर्यंत नेता येईल. महिन्यातून एकदा संध्याकाळी, गाड्या भरून झाल्यावर, समुदाय आरोग्य अधिकारी गोळ्यांची पेटी घेऊन तळावर आले तर एकाही कोयत्याचा खाडा होणार नाही. ऊस कोणत्या फडात कधी तुटणार हे कारखान्याच्या चिटबॉयला माहीत असतं. तीच यादी आरोग्य केंद्राला द्यायला कारखान्याचा एक रुपया खर्च होत नाही.

ट्रॅक्टर निघायच्या आधी

हे सगळं होईल तेव्हा होईल. येत्या आठवड्यात करण्यासारखं एवढं आहे:

– आरोग्य केंद्रात जाऊन "तोडीला चाललोय, जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या द्या" असं सांगा. कमी मिळाल्या तर बाकीच्या किती दिवसांच्या हव्यात ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

– केसपेपर, चिठ्ठी आणि प्रत्येक पाकिटाची नावाची बाजू यांचा मोबाइलवर फोटो काढा. एक प्रत जोडीदाराच्या, एक गावातल्या नातलगाच्या मोबाइलवर पाठवा. कागद भिजतो, हरवतो, चुलीत जातो.

– १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केसपेपर, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ही सवलत आपल्या तालुक्यापुरती नाही. तळावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळचं केंद्र कुठं आहे ते विचारून ठेवा.

– विकत घ्यायची वेळ आली तर जनऔषधी केंद्र शोधा. तिथली औषधं ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचं सरकार सांगतं. 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचं केंद्र दिसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिल मागून घ्या.

– टीबीच्या रुग्णाने निक्षय क्रमांक लिहून घ्यावा. अडचण आली तर १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४.

– मोबाइलमध्ये गोळीच्या वेळेचा गजर लावा. पहाटे उठायचा गजर तर लागतोच, त्यासोबत हा दुसरा.

– टोळीत वाचता येणारं एखादं पोरगं किंवा बाई असतेच. कुणाला कोणती गोळी चालू आहे हे तिच्याजवळ सांगून ठेवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मुकादमांनाही एक सांगणं आहे. अंगावर पन्नास हजारांची, लाखाची उचल दिलेलं माणूस फडात लकवा मारून पडलं, तर उचल बुडते, टोळी मोडते आणि दवाखान्याच्या गाडीचं भाडंही आधी मुकादमालाच भरावं लागतं. महिन्यातून एक सकाळ गोळ्यांसाठी बिनदंड सोडली तर त्यात त्याचाच फायदा आहे.

पट्टा पडल्यावर चैत्रात माणसं परत येतात, तेव्हा हिशेब उचलीचा होतो. किती टन तुटलं, किती फिटलं, किती अंगावर राहिलं. यंदा त्याच बैठकीत घरोघर आणखी एक हिशेब व्हायला हवा: गोळीचे खाडे किती झाले. तो आकडा घेऊन आरोग्य केंद्रात जायचं आणि पुढच्या हंगामाच्या गोळ्या तेव्हाच मागून ठेवायच्या.